चित्र काढणाऱ्या मुलीने कोठे शिकावे?

मे महिन्याच्या अखेरीस न्हावऱ्याला थोरल्या चुलतभावाकडे गेलो होतो. दौंडहून केडगाव-चौफुला, पुढे पारगावचा पूल आणि मग न्हावरा, हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. भीमा ओलांडली की दौंड तालुका संपतो आणि शिरूर सुरू होतो. माणसे, भाषा आणि काळज्या मात्र दोन्ही काठांवर सारख्याच. ओसरीवर निवडून ठेवलेला कांदा होता आणि त्याच्या शेजारी दिवाणावर पाच-सहा गुळगुळीत माहितीपुस्तिका पसरल्या होत्या. पुतणी नुकतीच बारावी झालेली. तिला ग्राफिक डिझाइन शिकायचे आहे.

दादा म्हणाला, “आप्पा, तू पेपरात लिवतोस. ह्यातलं कुठलं खरं, एवढं सांग. पैशाचं बघू. येळ पडली तर रस्त्याकडचं वीस गुंठं हायेच.”

रांजणगावची औद्योगिक वसाहत आल्यापासून रस्त्याकडेच्या वीस गुंठ्यांचा अर्थ काय होतो, हे शिरूर तालुक्यात कोणाला सांगायला नको. दादाने ते वाक्य सहज उच्चारले, पण वहिनींचा हात भाकरी थापताना थांबला. मीही क्षणभर गप्प झालो. कारण हाच प्रश्न सात वर्षांपूर्वी माझ्या घरात आला होता आणि त्याचे उत्तर मी चुकवले होते.

माझ्या मुलालाही चित्रांचे वेड होते. निकाल लागल्यावर आम्ही पुण्याला गेलो, एक संस्था पाहिली. नाव सांगण्यात हशील नाही. इमारत काचेची, प्रयोगशाळा वातानुकूलित, स्वागतकक्षातील बाई अतिशय गोड बोलणाऱ्या. मी शुल्काचा पहिला हप्ता त्याच दिवशी भरला. पुढे कळले की पदवी कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठाची आणि शिकवणे म्हणजे एकामागून एक सॉफ्टवेअर. वर्षभरात पोराच्या हातात पेन्सिल एकदाही आली नाही. दुसऱ्या वर्षी तो घरी परतला. आज तो दौंडमध्ये फ्लेक्सच्या दुकानात काम करतो, चार पैसे मिळवतो. वाढदिवसाचे फलक करून करून त्याची चित्रे मात्र सुटली. त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

म्हणून दादाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे समजून घेतले, ते आज येथे मांडतो आहे. चित्रकलेच्या वहीत रमलेले एखादे मूल वाचकांपैकी अनेकांच्या घरी असणार.

पाटीपासून पडद्यापर्यंत

मुळात ग्राफिक डिझाइन म्हणजे काय? मजकूर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी करणे, की सांगायचे ते पाहणाऱ्याला चटकन आणि नेमके कळावे. औषधाच्या पाकिटावरची सूचना, एसटी स्थानकावरची पाटी, पाठ्यपुस्तकाचे पान, गुळाच्या खोक्यावरचे नाव, मोबाइलच्या पडद्यावरची बटणे, हे सगळे कोणीतरी मांडलेले असते. आपल्याकडे याला पूर्वी कमर्शियल आर्ट म्हणत. सरकारी दप्तरात आजही उपयोजित कला असा शब्द आहे.

हा धंदा आपल्या भागाला नवा नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी छापखाना चालवला. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या छापखान्यात खिळे जुळवणारे हात आश्रमातल्या मुलींचे आणि बायकांचे होते. अक्षर आणि पान यांच्याशी आपल्या तालुक्यातील स्त्रियांची ओळख शंभर वर्षांची आहे, हे पुतणीला सांगितले तेव्हा तिचे डोळे चमकले. शाळेत तिला हे कोणी सांगितले नव्हते.

माझ्या लहानपणी शिरूरच्या पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर असत. सुताने रेघ मारायची, खडूने अक्षर आखायचे, मग ब्रश. मागाहून रेडियमची कापलेली अक्षरे आली आणि पुढे फ्लेक्स आला. फ्लेक्सने पेंटरचे काम नेले. आता संगणकावर नुसती हुकूमशीर जुळवाजुळव करणाऱ्याच्या कामावरही गदा आली आहे. २०२२ पासून, शब्दांत वर्णन लिहिले की चित्र तयार करून देणारी साधने सर्वांच्या हाती आली. वाढदिवसाचा फलक करायला आता दुकानात जाण्याचीही गरज उरलेली नाही. माझ्या मुलाच्या मालकानेच मला हे सांगितले.

मग या विषयात शिकण्यासारखे राहिले काय? माझ्या मते, जे पूर्वी होते तेच: नजर. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे कौतुक केले आहे. तो किती पाण्याचा असावा, हातात कसा बसावा, कडेवर कसा तोलला जावा, ओतताना धार कशी पडावी, धुवायला सोपा कसा, किंमत काय, अशा प्रश्नांतून लोट्याचा आकार पिढ्यान्‌पिढ्या घडला, हा त्यांचा मुद्दा. त्या अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. असे प्रश्न विचारायला शिकणे हे डिझाइनचे शिक्षण. यंत्र शंभर नमुने काढून देईल. त्यातला कोणता चालेल आणि नव्व्याण्णव का चालणार नाहीत, हे माणसालाच ठरवावे लागते. दादाला हे पटकन समजले. “म्हंजी कांदा निवडल्यागत,” तो म्हणाला. “गोल्टी बाजूला काढायला कुणी पुस्तकातनं शिकवलं नाय. नजर बसावी लागती.”

दारे कोणती, आणि ती कधी बंद होतात?

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. ढोबळ मानाने तीन आहेत.

पहिला मार्ग बी.एफ.ए. या चार वर्षांच्या पदवीचा, त्यातील उपयोजित कला या शाखेचा. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ सालची. तेथे १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. अलीकडे जे.जे.ची वाटचाल अभिमत विद्यापीठाकडे झाली आहे, त्यामुळे प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावेत. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. पुण्यात भारतीय कला प्रसारिणी सभेचे अभिनव कला महाविद्यालय आणि भारती विद्यापीठाचे ललित कला महाविद्यालय आहे. या पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. बारावी कोणत्याही शाखेची चालते. समोरची वस्तू पाहून रेखाटन, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान अशी तिची धाटणी आहे. आपल्या शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट देणाऱ्या मुलांना यातील बरेच ओळखीचे वाटेल.

दुसरा मार्ग राष्ट्रीय संस्थांचा. अहमदाबादची संस्था आणि तिच्या नावाने इतर राज्यांत सुरू झालेल्या संस्था, तसेच मुंबईची आयआयटी. आयआयटी म्हटले की आपल्याकडे जेईई आठवते. पण तेथे १९६९ पासून डिझाइनचे केंद्र आहे, २०१५ पासून बारावीनंतरची बी.डेस. ही पदवीही आहे आणि तिच्यासाठी जेईई लागत नाही. यूसीड नावाची वेगळी परीक्षा आहे. न्हावऱ्याच्या ओसरीवर ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. खरे सांगायचे तर सात वर्षांपूर्वी मलाही नव्हती.

तिसरा मार्ग खाजगी विद्यापीठांतील डिझाइन संस्थांचा. विमाननगरची सिम्बायोसिसची संस्था २००४ सालची, तर लोणी काळभोरची एमआयटीची २००६ सालची. लोणी हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे स्थानक, त्यामुळे दौंड, पाटस, केडगाव, यवतच्या मुलांना घरून जाऊन-येऊन शिकण्याचा मोह पडतो. शिरूरला रेल्वे नाही. तेथून पुण्याला जायचे तर नगर रस्त्यावरची शिक्रापूर-वाघोलीची कोंडी भोगावी लागते. या वर्गातील नावाजलेल्या संस्थांत शिक्षण चांगले मिळू शकते, पण चार वर्षांचा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो.

आणि येथेच या विषयातली खरी गोम आहे. राष्ट्रीय संस्थांच्या परीक्षांचे अर्ज साधारणतः दिवाळीच्या आगेमागे भरले जातात आणि परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होतात. राज्याच्या प्रवेश परीक्षेचे अर्जही निकालाच्या बरेच आधी भरावे लागतात. आपल्या घरांत मात्र विचार सुरू होतो तो निकाल हाती आल्यावर. तोपर्यंत कमी खर्चाची आणि गुणांवर मिळणारी बहुतेक दारे बंद झालेली असतात. उघडी राहतात ती प्रामुख्याने पैशाची. त्याच सुमारास गुळगुळीत माहितीपुस्तिका गावोगाव पोहोचतात. दादाच्या दिवाणावर ज्या पुस्तिका होत्या, त्यांत शासकीय महाविद्यालयाची एकही नव्हती. शासकीय महाविद्यालये पुस्तिका वाटत फिरत नाहीत.

शहरातल्या घरांत हे वेळापत्रक माहीत असते, अकरावीपासून शिकवण्या लागलेल्या असतात. गावातली मुलगी हुशारीत कमी पडते असे नाही. तिच्या घरी बातमी सहा महिने उशिरा पोहोचते. त्या सहा महिन्यांची किंमत वीस गुंठे!

पैशाचा हिशेब

हा फरक किती मोठा आहे ते पाहा. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातील, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यातून वगळली आहेत. आपण निवडलेला अभ्यासक्रम या सवलतीत बसतो का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. इतर प्रवर्गांसाठी महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आहेत. म्हणजे तीच मुलगी, तोच विषय, पण एका दाराने गेली तर शुल्क जवळपास नाही आणि दुसऱ्या दाराने गेली तर जमीन विकायची.

कर्जाचेही असेच. समजा, दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले आणि दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता महिन्याला सुमारे तेरा हजार दोनशे रुपये पडतो. शिकत असताना चढणारे व्याज निराळे. नव्याने कामाला लागलेल्या मुलीने पुण्यात खोलीभाडे देऊन हा हप्ता कसा भरायचा, याचा हिशेब प्रवेशाआधी कागदावर मांडायला हवा. त्यात संगणक, कागद-रंग, छपाई आणि वसतिगृह धरायला विसरू नये. कर्ज काढूच नये असे माझे म्हणणे नाही. पण काचेची इमारत पाहून काढू नये.

काय विचारावे, काय पाहावे?

महाविद्यालयात गेल्यावर पालकाने काय पाहावे? मी चूक करून शिकलो, म्हणून सांगतो.

पहिले, पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे विचारावे. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठालाच, किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थेलाच असतो. नुसत्या संस्थेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती पाहावी. पदविका किंवा प्रमाणपत्र घेण्यातही कमीपणा नाही, पण ते पदवीच्या नावाखाली आणि पदवीच्या दरात विकले जात असेल तर उठून यावे.

दुसरे, पहिल्या वर्षी काय शिकवतात ते पाहावे. रेखाटन, रंग, अक्षर, निरीक्षण यांवर वर्ष घालवणारी संस्था पाया घालते. पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरला बसवणारी संस्था यंत्राचा चालक तयार करते. सॉफ्टवेअर चार महिन्यांत शिकता येते आणि चार वर्षांत बदलते.

तिसरे, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे काम पाहायला मागावे. सगळ्यांचे काम एकाच साच्यातले दिसले तर शिकवणाराच काम करतो आहे असे समजावे. प्रत्येकाचे निराळे आणि तरीही नीटनेटके असेल तर तेथे शिकवले जाते.

चौथे, आणि हे मी मुद्दाम सांगतो, देवनागरी शिकवतात का ते विचारावे. पुष्कळ ठिकाणी रोमन अक्षरांवर सगळा भर असतो. आपल्या मुलांकडे मात्र मराठी अक्षराचे भांडवल जन्मजात असते. सांगलीत जन्मलेले र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रात गाजले, मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या आणि संगणकावर लाखो लोकांनी वापरलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनी रेखला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘मुक्ता’ आज कोणालाही विनामूल्य वापरता येतो. २०१० मध्ये स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह उदय कुमार यांनी आयआयटीच्या त्याच डिझाइन केंद्रात संशोधन करत असताना घडवले. त्याचा आकार आपल्या ‘र’वरून आला आहे. मराठी अक्षर हे मागासलेपण नव्हे, हे गावातल्या मुलांना कोणीतरी ठासून सांगायला हवे. केडगावच्या गुऱ्हाळांचा गूळ, कुरकुंभ आणि रांजणगावच्या कारखान्यांतील धोक्याच्या पाट्या, शेतकऱ्याच्या हातातील औषधाच्या बाटलीवरची सूचना, ही सगळी कामे मराठीत नीट मांडणाऱ्या माणसाची वाट पाहत आहेत. चुकीच्या मांडणीमुळे औषधाची मात्रा चुकली तर नुकसान पिकाचे होते, कधी माणसाचेही.

ओसरीवरचा निर्णय

आठ दिवसांनी दादा, पुतणी आणि मी पुण्यातील दोन ठिकाणे पाहून आलो. एका ठिकाणी आम्हाला उद्वाहनाने सहाव्या मजल्यावर नेले आणि विद्यार्थ्यांची कामे मागितली तेव्हा संकेतस्थळावर पाहा म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी भिंतींचा रंग उडाला होता. पण एका मध्यमवयीन शिक्षकांनी कपाट उघडून पहिल्या वर्षाच्या कागदांचा गठ्ठा आमच्यापुढे ठेवला. पुतणी खाली बसून तासभर एकेक कागद पाहत राहिली. परत येताना वाघोलीच्या कोंडीत ती म्हणाली, “काका, मला इथंच शिकायचंय. पण प्रवेश परीक्षा तर होऊन गेली.”

म्हणजे एक वर्ष थांबायचे. पुरुषांना हे सोपे वाटते. रात्री जेवताना वहिनी म्हणाल्या, “भावजी, पोरगं थांबलं तर तयारी करतंय म्हणत्यात. पोरगी वरीसभर घरात दिसली की पाव्हणं यायला लागत्यात.” यावर माझ्याकडे आकडेवारी नव्हती आणि युक्तिवादही नव्हता. गावात राहणाऱ्या बाईला गाव माझ्यापेक्षा अधिक कळते.

तोड वहिनींनीच काढली. पुतणीने शिरूरच्या महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घालायचे, रोज एसटीने जायचे, आणि संध्याकाळी तीन तास चित्रे काढायची. परीक्षांचे अर्ज भरण्याची जबाबदारी माझी. “पाव्हण्यास्नी सांगू, पोरगी कालिजात हाय,” त्या म्हणाल्या. दादाने माहितीपुस्तिका गोळा केल्या आणि वीस गुंठ्यांचा विषय त्या रात्री पुन्हा निघाला नाही.

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळेलच असे नाही. स्पर्धा मोठी आहे, जागा थोड्या आहेत आणि शहरातील मुले आधीपासून तयारीत आहेत. नाहीच मिळाला तर पैशाच्या दाराचा विचार पुन्हा करावा लागेल, पण तो दार पाहून, हिशेब मांडून. तिच्यासारखी मुले आपल्या दोन्ही तालुक्यांत आणखी कितीतरी असतील. त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे केले तरी पुरे की, बारावीच्या वर्षी दिवाळीचा फराळ करताना हा विषय काढावा. निकालाची वाट पाहू नये.

न्हावऱ्याहून निघताना पुतणीने एक कागद दाखवला. शेजारच्या गुऱ्हाळाच्या खोक्यासाठी तिने ‘गूळ’ हा शब्द चौदा प्रकारे लिहिला होता. मी एकावर बोट ठेवले. तिने मान हलवली आणि दुसऱ्याकडे बोट दाखवले. लांबून पाहिले तेव्हा तिचेच बरोबर होते. तो कागद मी दौंडला घरी घेऊन आलो आहे, मुलाला दाखवायला.